चाळीस टक्के चार्ज, तरी लॅपटॉप बंद!

लॅपटॉपच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात बॅटरी ४० टक्के दिसत असते. काम अर्ध्यावर आलेले असते आणि एकाएकी पडदा काळा होतो. ना सूचना, ना आवाज. चार्जर जोडून पुन्हा सुरू करावा, तर बॅटरी कधी ३८ टक्के दाखवते, तर कधी एकदम ४. तीन-चार वर्षे जुना लॅपटॉप वापरणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणते व्हायरस शिरला, कोणी म्हणते चार्जर खराब, कोणी दुकानात नेऊन विंडोज नव्याने टाकून आणते. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

अशा वेळी दोष बहुधा वयाचा असतो. बॅटरी म्हातारी झालेली असते आणि पडद्यावरच्या आकड्याला ते पुरते कळलेले नसते. काम बुडणे हा त्यातला लहान तोटा. जुनी बॅटरी क्वचित प्रसंगी फुगते, पेट घेते आणि घरातल्यांना भाजते. म्हणून तिची तपासणी कशी करायची, कोणत्या लक्षणात थोडे थांबले तरी चालते आणि कोणत्या लक्षणात लगेच हालचाल करायची, हे लॅपटॉप असलेल्या प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

आत काय असते?

लॅपटॉपची बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. सोनी कंपनीने १९९१ मध्ये या बॅटऱ्या प्रथम बाजारात आणल्या. त्यांचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या बॅटरीच्या प्रत्येक घटात एका बाजूला ग्राफाइट असते, दुसऱ्या बाजूला धातूचे ऑक्साइड. मध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा पातळ पडदा असतो आणि हे सगळे एका ज्वलनशील द्रावणात भिजलेले असते. चार्जिंग करताना लिथियमचे आयन पडद्यातून जाऊन ग्राफाइटच्या थरांत बसतात. लॅपटॉप वापरताना ते परत फिरतात आणि त्यातून वीज मिळते. पूर्ण भरलेल्या घटाचे व्होल्टेज साधारण ४.२ असते. ते ३ च्या आसपास उतरले की घट रिकामा समजला जातो.

बहुतेक लॅपटॉपमध्ये असे तीन किंवा चार घट एकापुढे एक, साखळीत जोडलेले असतात. त्यांच्यावर एका छोट्या सर्किटचा पहारा असतो. कोणत्याही एका घटाचे व्होल्टेज मर्यादेखाली गेले, की घटाला इजा होऊ नये म्हणून हे सर्किट वीज तोडते. साखळी सगळ्यांत कच्च्या कडीइतकीच मजबूत, हा नियम इथे शब्दशः लागू पडतो. चारपैकी तीन घट धडधाकट असले, तरी चौथा थकला की लॅपटॉप बंद.

वयाबरोबर काय बिघडते?

वाढत्या वयात बॅटरीत दोन बदल होतात. पहिला बदल सर्वांच्या लक्षात येतो. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर अगदी पहिल्या चार्जिंगपासून एक सूक्ष्म थर जमतो. तो आवश्यकही असतो, कारण तो ग्राफाइटचे द्रावणापासून रक्षण करतो. पण हा थर वर्षानुवर्षे जाड होत जातो आणि त्यात लिथियम कायमचे अडकून पडते. त्यामुळे साठवणूक घटते. नवा असताना पाच तास चालणारा लॅपटॉप तीन तासांवर येतो.

दुसरा बदल लपलेला असतो आणि अचानक बंद पडण्याचे मूळ त्यातच आहे. तो म्हणजे घटाचा अंतर्गत रोध वाढणे. विजेला आतूनच वाट अवघड होते. थकलेल्या हृदयाचा रुग्ण खुर्चीत बसलेला असताना ठीक दिसतो, गप्पा मारतो. दोन जिने चढायला लावले की त्याला धाप लागते. बॅटरीचेही तसेच. हलके काम असताना ती नव्यासारखी वाटते, भार वाढला की कोसळते.

हे आकड्यांत पाहू. समजा, तीन घटांची बॅटरी ४० टक्के भरलेली आहे आणि तिचे व्होल्टेज साधारण ११ आहे. लॅपटॉप ९ व्होल्टखाली चालत नाही. बॅटरी नवी असताना तिचा रोध समजा ०.१५ ओहम होता, आता तो ०.६ झाला. नुसते टंकलेखन करताना लॅपटॉप पाऊण अँपिअरच्या आसपास विद्युतधारा घेतो. म्हणजे म्हाताऱ्या बॅटरीतही अर्ध्या व्होल्टहून कमीच घट होते, काही बिघडत नाही. पण व्हिडिओ कॉल सुरू झाला, सोबत मोठी फाइल उघडली, पंखा जोरात फिरू लागला, की हीच मागणी साडेतीन अँपिअरवर जाते. नव्या बॅटरीत अर्ध्या व्होल्टची घसरण झाली असती, जुनीत दोनाहून जास्त होते. ११ मधून २ गेले की उरले ९. त्यातच व्होल्टेज उतरल्यावर तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी लॅपटॉप आणखी विद्युतधारा ओढतो, त्यामुळे घसरण आणखी वाढते. क्षणात मर्यादा ओलांडली जाते आणि वीज तुटते. बॅटरीत साठा शिल्लक असतो, पण तो त्या वेगाने बाहेर काढता येत नाही.

मोबाइलमध्येही हेच घडते. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून त्यांचा वेग मुद्दाम कमी केला जातो, हे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते. त्यावर जगभर टीका झाली आणि पुढे कंपनीने काही काळ बॅटरी बदलण्याचे दर उतरवले. बॅटरी बदलली की फोनचा वेग परत येत असे.

टक्के हा अंदाज असतो

गाडीच्या टाकीत पेट्रोल किती आहे ते तरंगणारा फ्लोट सांगतो. बॅटरीत असे डोकावता येत नाही. आतली चिप किती वीज आत गेली आणि किती बाहेर आली याचा हिशेब ठेवते, त्याला व्होल्टेजची जोड देते आणि टक्के काढते. बॅटरीची एकूण क्षमता किती, हेही तिला गृहीत धरावे लागते. लॅपटॉप महिनोन्‌महिने चार्जरलाच जोडून ठेवला, तर बॅटरी पूर्ण भरणे आणि पूर्ण उतरणे या दोन्ही टोकांची चिपला गाठच पडत नाही. क्षमता घटत जाते आणि चिप जुन्याच क्षमतेवर हिशेब करत राहते. म्हणून ४० वरून एकदम ४ वर उडी दिसते.

तपासणी कशी करावी?

रुग्ण तपासताना आधी विचारपूस, मग अंगतपासणी आणि शेवटी चाचण्या असा क्रम असतो. इथेही तो उपयोगी पडतो, फक्त अंगतपासणी सर्वांत आधी करावी. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवावा. तो डुगडुगतो का? टचपॅड वर उचलला गेला आहे का, त्याचे क्लिक घट्ट झाले आहे का? कळफलकाला मध्येच उंचवटा आला आहे का? झाकण नीट मिटत नाही, कडेला फट दिसते, असे आहे का? यांतले एकही लक्षण असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग पुढची कोणतीही चाचणी करायची नाही. काय करायचे ते पुढे दिले आहे.

बाहेरून सगळे ठीक असेल तर विचारपूस. लॅपटॉप चार्जर जोडलेला असतानाही बंद पडतो का? पडत असेल तर संशय बॅटरीवरून चार्जर, मदरबोर्ड किंवा उष्णता यांच्याकडे वळवावा. पंख्यात धूळ साचून लॅपटॉप तापला की तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. तेव्हा तळ चांगलाच गरम लागतो आणि काही मिनिटे थंड झाल्यावर चार्जर न जोडताही तो सुरू होतो. निळा पडदा येऊन आपोआप पुन्हा सुरू होत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा किंवा इतर भागांचा असण्याचा संभव अधिक. चार्जर काढलेला असतानाच, तेही जड काम करताना बंद पडतो आणि चार्जर जोडल्याशिवाय सुरू होत नाही, अशी हकिगत असेल तर बॅटरी दोषी. एक अपवाद ध्यानात ठेवावा. कमी वॅटचा चार्जर वापरला तर जड कामाला तो पुरा पडत नाही आणि उरलेली वीज लॅपटॉप बॅटरीतून घेतो. मग चार्जर जोडलेला असूनही म्हातारी बॅटरी दगा देऊ शकते.

आता चाचणी. विंडोज असलेल्या लॅपटॉपमध्ये बॅटरीचा अहवाल मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ‘पॉवरसीएफजी’ असे टाइप करावे, एक जागा सोडावी, तिरपी रेघ म्हणजे स्लॅश द्यावा आणि त्याला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ लिहून एंटर दाबावे. अहवालाची फाइल कुठे ठेवली ते पडद्यावरच दिसते. त्यात दोन आकडे शोधावेत. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे जन्मतः असलेली क्षमता आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आज उरलेली क्षमता. समजा पहिला आकडा ४८,००० आणि दुसरा २७,००० असेल, तर ५६ टक्केच क्षमता उरली आहे. मॅकबुकमध्ये सेटिंग्जमधील बॅटरीच्या भागात तिची प्रकृती दिसते.

अहवालात ‘सायकल काउंट’ असेल तर तोही पाहावा. एकूण १०० टक्के वीज वापरली गेली की एक चक्र. दोन दिवस निम्मी-निम्मी वापरली तरी एकच. साध्या लॅपटॉप बॅटऱ्या साधारण ३०० ते ५०० चक्रांत ८० टक्क्यांवर येतात, काही नव्या बॅटऱ्या हजार चक्रेही काढतात.

अहवाल क्षमतेबद्दल सांगतो, रोधाबद्दल फारसे नाही. त्यासाठी जिना चढवून पाहावा लागतो. सर्व फाइल्स सेव्ह कराव्यात, बॅटरी पूर्ण भरावी, चार्जर काढावा आणि व्हिडिओ चालू ठेवून दर दहा मिनिटांनी टक्के लिहावेत. आकडा एका चालीने उतरत असेल तर ठीक. मध्येच मोठी उडी मारत असेल किंवा २० टक्क्यांच्या वरच लॅपटॉप बंद पडत असेल, तर निदान पक्के.

उपाय कोणते?

क्षमता चांगली आहे पण टक्के चुकतात, असे असेल तर चिपचा हिशेब सुधारता येतो. बॅटरी १०० टक्के भरावी, आणखी दोन तास चार्जरवरच ठेवावी, मग चार्जर काढून लॅपटॉप आपोआप झोपी जाईपर्यंत वापरावा. काही तास तसाच ठेवून पुन्हा सलग १०० टक्के भरावा. हे क्वचितच करावे, कारण वारंवार पूर्ण रिकामी केल्यानेही बॅटरी झिजते. यामुळे आकडा सुधारतो; गेलेली क्षमता परत येत नाही. बॅटरी फ्रीजमध्ये ठेवून ती ‘जिवंत’ होते हा समज चुकीचा आहे, त्यात आत पाणी धरण्याचा धोका मात्र असतो.

क्षमता ६०–७० टक्क्यांखाली गेली असेल आणि लॅपटॉप भाराखाली बंद पडत असेल, तर बॅटरी बदलणे हाच उपाय. तोवर पडद्याचा उजेड कमी ठेवावा, बॅटरी सेव्हर चालू ठेवावा, महत्त्वाच्या कामाला चार्जर जोडूनच बसावे आणि दर काही मिनिटांनी काम सेव्ह करावे. नवी बॅटरी शक्यतो मूळ कंपनीची किंवा भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेली घ्यावी. लिथियम बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. साखळीतला एकच घट बदलून देणारी स्वस्त दुरुस्ती टाळावी. जुने आणि नवे घट एकत्र आले की त्यांचा मेळ बसत नाही आणि धोका वाढतो.

फुगलेली बॅटरी म्हणजे तातडीचा रुग्ण

द्रावणाचे विघटन होऊन वायू तयार झाले की घटाची पिशवी फुगते. अशी बॅटरी दिसली की लॅपटॉप बंद करावा, चार्जर काढावा आणि पुन्हा लावू नये. झाकण दाबून मिटवणे, पिशवीला टाचणीने भोक पाडणे, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटणे हे प्रकार जिवावर बेततात. लॅपटॉप गादी, पडदे, कागद यांच्यापासून दूर, फरशीवर ठेवावा आणि लवकरात लवकर दुरुस्ती केंद्रात न्यावा. तो कुरिअरने पाठवू नये, विमानातही नेऊ नये.

आतला पडदा फाटला किंवा वितळला, की दोन बाजूंचा थेट संपर्क येतो आणि उष्णता स्वतःच वाढत जाते. कारखान्यात घटात शिरलेल्या धातूच्या सूक्ष्म कणांमुळेही हे घडू शकते. त्याच कारणाने डेल कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या.

गोडसर किंवा रसायनासारखा वास, फुसफुस आवाज किंवा धूर आला तर आधी माणसांना बाहेर काढावे. जमल्यास मेन स्विच बंद करावा, खोलीचे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ वर फोन करावा. धुरात हायड्रोजन फ्लोराइड आणि कार्बन मोनॉक्साइड असू शकतात, त्यामुळे सामान वाचवायला परत आत जाऊ नये. आग अगदी लहान असेल आणि वीज तोडलेली असेल तर दुरून भरपूर पाणी ओतावे, त्याने घट थंड होतात. गोधडीने झाकू नये. उष्णता आत कोंडते. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते.

भाजल्यास तो भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा, अंगठी-बांगड्या लगेच काढाव्यात. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप काहीही लावू नये. डोळ्यात द्रावण उडाले तर १५–२० मिनिटे पाण्याने धुवत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे. धूर नाकातोंडात गेलेल्या व्यक्तीला खोकला, घोगरा आवाज किंवा दम लागत असेल तर १०८ रुग्णवाहिका बोलवावी. सुरुवातीला बरे वाटले तरी त्रास काही तासांनी वाढू शकतो.

पेसमेकरकडून घेण्याचा धडा

बॅटरी न सांगता संपणे म्हणजे काय, याचा सर्वांत कठोर अनुभव वैद्यकशास्त्राने घेतला आहे. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी बनवलेला पेसमेकर शल्यविशारद ओके सेनिंग यांनी प्रथम माणसाच्या शरीरात बसवला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे पाऱ्याच्या बॅटऱ्या आल्या. त्या एक-दोन वर्षे टिकत, पण शेवट अनेकदा अकस्मात येई. १९७२ मध्ये लिथियम-आयोडीन बॅटरीचा पेसमेकर रुग्णाला बसवला गेला आणि चित्र पालटले. या बॅटरीत वापराबरोबर लिथियम आयोडाइडचा थर जाड होत जातो आणि अंतर्गत रोध संथपणे, ठरावीक रीतीने वाढतो. डॉक्टर तो मोजतात आणि बॅटरी संपण्याच्या काही महिने आधी बदलण्याची तारीख ठरवतात. लॅपटॉपला दगा देणारा रोध तिथे वेळेवर वाजणारी घंटा ठरला, कारण तो नियमित मोजला जातो.

हा धडा घरातल्या वैद्यकीय उपकरणांनाही लागू होतो. ऑक्सिजन देणारे छोटे फिरते यंत्र, रात्री वापरायचे श्वसनयंत्र, यांच्यातल्या लिथियम बॅटऱ्याही अशाच म्हाताऱ्या होतात आणि त्यांचेही टक्के फसवू शकतात. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे महिन्यातून एकदा, रुग्णाला त्रास होणार नाही अशा वेळी आणि ऑक्सिजनची दुसरी सोय हाताशी ठेवून, यंत्र बॅटरीवर खरोखर किती मिनिटे चालते ते घड्याळ लावून पाहावे आणि तारखेसह वहीत लिहावे. मिनिटे घटू लागली की वीज जाण्याची वाट न पाहता बॅटरी बदलावी.

आयुष्य वाढवायचे तर

उष्णता आणि सतत पूर्ण भरलेली अवस्था हे बॅटरीचे दोन शत्रू. ३५ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात तिची क्षमता कायमची घटू शकते. मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर येथे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात उभ्या गाडीच्या आत तो त्याहून वर असतो. लॅपटॉप तिथे ठेवू नये. गादीवर किंवा उशीवर ठेवल्याने हवा खेळायच्या जाळ्या बुजतात, म्हणून खाली पाट किंवा फळी घ्यावी. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये असलेली ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय चालू करावी. बरेच दिवस वापरायचा नसेल तर निम्मा भरून, बंद करून, थंड जागी ठेवावा.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. कचऱ्याच्या ढिगात ती दाबली गेली की आग लागते आणि ती झेलतात सफाई कामगार. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांवर चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्यावी. नवी बॅटरी बसली की त्याच दिवशी तिचा अहवाल काढून ठेवावा. सहा महिन्यांनी पुन्हा काढून दोन्ही आकडे शेजारी मांडले, की पडद्यावरचे टक्के काहीही म्हणोत, बॅटरीचे खरे वय समोर दिसेल.